बोडी कोणाच्या शिवेत

यंत्राला आकाशातले उपग्रह सापडेपर्यंत गप्प उभं राहायचं, असं निकोडे सरांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. तरी आम्ही गप्प उभे राहायचो, बोललो तर ते बुजून निघून जातील जणू. यंत्र माझ्या तळहातावर होतं. काचेवर तीन रेघा उमटल्या, मग चार. मी पाचवीची वाट पाहत होते. माझ्यामागे दोन गावांची मिळून पंचवीस-तीस माणसं नाल्याच्या कोरड्या रेतीत उभी होती, आणि कोणी सांगितलेलं नसताना ती दोन बाजूंना वाटली गेली होती. उजव्या हाताला कोसमटोला, म्हणजे माझं माहेर. डाव्या हाताला बेलझरी, म्हणजे माझं सासर.

पाचवी रेघ आली. मी बटण दाबलं आणि आकडे मोठ्याने वाचले. दोन्ही गावांच्या वह्यांत ते उतरले.

"आता इथून पुढे कोणीकडे, जयवंताबाई?" निकोडे सरांनी विचारलं.

मी पदराने काच पुसली.

याला चौदा वर्षं झाली. फाल्गुन होता, मोहाची फुलं गळायला नुकती सुरुवात झाली होती, ती वेचायची म्हणून सगळ्यांना घरी जायची घाई होती. पण काम टाळण्यासारखं नव्हतं. गावाच्या भोवतालचं जंगल गावाच्या नावावर मागता येतं, असा कायदा आला होता. एकदा तो हक्क मिळाला की त्या जंगलात काय करायचं, काय नाही, हे गावाची सभा ठरवणार. त्यासाठी दावा भरायचा होता, दाव्याला नकाशा जोडायचा होता, आणि नकाशावरच्या हद्दीला शेजारच्या गावाने मान्यता लिहून द्यायची होती. निकोडे सर ज्या संस्थेत होते तिने आमच्या भागातल्या गावांना हे शिकवायला घेतलं होतं. सरांचा एक हट्ट होता. मोजायचं ते गावातल्याच माणसाने. तालुक्याला चार दिवसांचं शिक्षण झालं, तेव्हा बेलझरीतून दहावी झालेली मी एकटीच होते, म्हणून मला पाठवलं. यंत्र माझ्या हातात आलं ते असं.

बेलझरीच्या तीन बाजू मोजून झाल्या होत्या. राहिली होती ती कोसमटोल्याकडची, आणि तिथेच बोडी होती. बोडी म्हणजे लहान तलाव. आमची बोडी तेव्हा तलाव म्हणण्याजोगीही राहिली नव्हती. पाळ दोन जागी फुटलेली, पोटात गाळ. पण त्या गाळाखाली झरा होता आणि चैतातही तिथे बोट खुपसलं तर ओल लागायची. बेलझरीचा हातपंप माघापासून लाल पाणी द्यायचा आणि चैतात नुसती हवा. बायका नाल्यात झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरायच्या. आदल्या उन्हाळ्यात माझी सासू, सोमारीबाई, झिऱ्यावरून हंडा घेऊन वर चढताना घसरली. तिचं कमरेचं हाड मोडलं. त्यानंतर ती दारातल्या खाटेवर बसून असायची. बोडी खोल करून द्या म्हणून गावाने दोनदा अर्ज दिले होते. जंगलाची जमीन आहे, असं उत्तर आलं होतं. ते खरंच होतं.

कोसमटोल्याला बोडी नको होती असं नाही. नदी जवळ असल्यामुळे त्यांना प्यायच्या पाण्याची ददात नव्हती, पण त्यांची गुरं उन्हाळ्यात बोडीवर यायची. शिवाय तिची पाळ ज्यांनी घातली त्यांच्यात कोसमटोल्याचे लोक जास्त होते. तिथला फगनू सांगायचा, माझ्या बापाने त्या पाळीवर माती टाकली आहे. ते मलाही माहीत होतं.

प्रश्न एवढाच होता की जुनी हद्द बोडीच्या कोणत्या अंगाने जाते. बेलझरी निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या लोकांनी वसलेलं गाव, तिथे हद्द सांगणारं जुनं घर उरलं नव्हतं. कोसमटोल्यात ते घर आमचं. माझा आजा गावाचा गायता होता. गायता म्हणजे गावाच्या देवाचं करणारा आणि गावाची शीव राखणारा. दरवर्षी पेरणीआधी तो हद्दीवरच्या दगडांना तांदूळ वाहत फिरायचा. सोबत फक्त घरची माणसं. माझे आईबाप मी लहान असतानाच गेले. मी आजाचं धोतर सोडत नसे, म्हणून मुलगी असूनही तो मला न्यायचा. मी आणि माझा भाऊ सोनसाय. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आजा गेल्यावर ती फेरी बंद पडली. दगड ठाऊक असलेली माणसं दोनच राहिली, दादा आणि मी.

दादा तेव्हा कोसमटोल्याच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष होता. तो एका गावाचा पक्ष, त्याचं ऐकायला बेलझरी तयार नव्हती. म्हणून महिनाभर आधी दोन्ही गावांची एकत्र सभा झाली. त्या सभेत दादानेच माझं नाव घेतलं. जयवंता दोन्हीकडची आहे, तिला दगड ठाऊक आहेत, ती दाखवेल ते दोन्ही गावांनी मानायचं. फगनू उठून म्हणाला की देऊन टाकलेली मुलगी आता कोणत्या गावची, आणि बाईच्या शब्दावर हद्द ठरल्याचं आपण कधी ऐकलं नाही. दादाने त्याला शांतपणे विचारलं की, मग कोणाच्या शब्दावर ठरवायची ते तू सांग. फगनूला दुसरं नाव सुचलं नाही. ठराव लिहिला गेला. हे सगळं बोलणं गोंडीत झालं. मी ते आमच्याकडच्या मराठीत सांगते आहे.

त्या महिन्याभरात खोटं सांग असं मला कोणी म्हटलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे लोकांनी तसा समज करून घेतला. माझा नवरा चैनू एवढंच म्हणाला होता की तुला जे आठवते ते सांग. सासू तर त्या विषयावर बोललीच नाही. सकाळी निघताना मी तिच्या उशाशी पाण्याचा गडवा ठेवला. तिने तो उचलून पाहिला, अर्धा होता, आणि परत खाली ठेवला.

नाल्यापाशी वाट फुटत होती. डावीकडची वाट येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, एका मोठ्या झाडाकडे चढत होती. त्या झाडाच्या मुळाशी आजाचा दगड होता. त्या दगडावरून हद्द गेली की बोडी कोसमटोल्यात. उजवीकडची वाट बोडीच्या पाळीला वळसा घालून पलीकडे जात होती.

मी उजवीकडे वळले.

दादा माझ्यामागे चार-पाच पावलांवर होता. वाळक्या पानांत त्याच्या चपला वाजत होत्या. मी वळले तेव्हा तो आवाज थांबला. मी मागे पाहिलं नाही. मग आवाज पुन्हा सुरू झाला, तितक्याच अंतरावर.

पाळीच्या पलीकडे दगड पुष्कळ होते. मी त्यातला एक चपटा, जमिनीत रुतलेला दगड निवडला. त्याच्यावरची पानं बाजूला केली, हात ठेवला आणि म्हटलं, "हाच."

निकोडे सर पुढे आले. मी यंत्र दगडावर धरलं. सगळे पुन्हा गप्प झाले. पाच रेघा यायला त्या दिवशी फार वेळ लागला, की मला तसं वाटलं, कोण जाणे. आकडे आले, मी वाचले. बेलझरीच्या वहीत ते उतरले. कोसमटोल्याच्या वहीवाल्याने मात्र पेन उघडून तसंच हातात धरलं होतं.

"ही बोडी आमची आहे," फगनू म्हणाला. आवाज चढवून नाही, वहीवाल्याला सांगावं तसं. त्याने पुन्हा बापाची गोष्ट काढली. कोसमटोल्याचे आणखी दोघं-तिघं बोलू लागले. बेलझरीचे लोक म्हणाले की ठराव झाला आहे. आवाज वाढत गेले. आमच्यासोबत आलेला वनरक्षक एका मोहाच्या सावलीत उभा होता. तो भला माणूस होता, आमच्याशी नीट वागायचा. त्याने कायद्यातलं होतं तेवढंच सांगितलं की हद्दीवर वाद असेल तर दोन्ही दावे परत येतील, मग वरून मोजणीवाले येतील आणि ते ठरवतील ते दोन्ही गावांना मानावं लागेल.

मग सगळे दादाकडे पाहू लागले.

दादा उकिडवा बसला होता, हातात एक काडी होती, तिने तो माती उकरत होता. त्याने मान वर केली नाही. मला वाटलं, आता तो म्हणणार, हा दगड नाही. त्याने तसं म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. बहुतेक गप्प राहिले असते.

तो उठला आणि फगनूला म्हणाला, "जयवंता दाखवल ते मानाचं, असं आपन सभेत ठरवलं. अंगठा तुहाबी आहे त्याच्यावर."

"तुले पटते का हे?" फगनूने विचारलं.

"मले काय पटते ते कोनी इचारलं नाही. आपन ठरवलं होतं."

एवढं बोलून त्याने वहीवाल्याला आकडे लिहायला सांगितले. मग निकोडे सरांकडे वळून म्हणाला की एक ओळ आणखी लिहायची आहे. कोसमटोल्याच्या गुरांना बोडीवर पाणी पिण्याचा हक्क कायम राहील, आणि तो बेलझरीला एकट्याने काढता येणार नाही. सरांनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. दादाने ‘एकट्याने’ हा शब्द आहे ना, ते बोट ठेवून पाहून घेतलं. मग सही केली. बाकीच्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. फगनूने दिला नाही. तो बोडीच्या पाळीवर जाऊन पाठमोरा बसला होता.

दादा जाताना माझ्याशी काही बोलला नाही. मी मनाला सांगितलं, त्याला आठवत नसेल. तो मोठा होता हे खरं, पण येनाचं झाड शेंड्याकडून वठलं होतं, जागा बदलल्यासारखी दिसत होती, आणि इतक्या वर्षांत माणूस विसरतो. असं मी पुढची सहा वर्षं मनाला सांगत राहिले.

दीड वर्षाने दोन्ही गावांचे दावे मंजूर झाले. बेलझरीच्या सभेने पहिला ठराव केला तो बोडीचा. तालुक्याच्या इंजिनिअरने आत सिमेंटची भिंत सुचवली होती. सभेने नाही म्हटलं, दगडाचीच पाळ हवी, म्हणजे फुटली तर आपल्याला बांधता येईल. तो इंजिनिअर रागावला नाही, उलट दोन दिवस राहून त्याने बायकांना पारदर्शक नळीत पाणी भरून उंच-सखल कसं मोजायचं ते दाखवलं. गाळ काढला, पाळ घातली, खालच्या अंगाला विहीर खोदली. विहिरीवर सौर पंप बसला आणि तिसऱ्या वर्षीच्या चैतात गावात नळाला पाणी होतं. सासू ते पाहायला होती. नळ आमच्या घरासमोरच होता. ती खाटेवरून बायकांना बादली कशी धरायची ते सांगायची, आणि बायका ऐकून घ्यायच्या. मला जंगल व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. दुसऱ्या गावांचे लोक बोडी पाहायला येऊ लागले. हद्द कशी ठरवली, असं विचारलं की आमच्या गावचे लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. मीही पुष्कळ गावांना यंत्र वापरायला शिकवलं.

तिकडे कोसमटोल्यात एक बोलणं सुरू झालं होतं. सोनसायने बहिणीला बोडी आंदण दिली. सुरुवात फगनूने केली असेल, पण पुढे ते सगळ्यांचंच झालं. वर्षाच्या आत सभेने दादाला अध्यक्षपदावरून काढलं. तो तिथेच बसला होता आणि त्याने हरकत घेतली नाही, असं मला कळलं. दुसऱ्या कोणी असा अपमान झाल्यावर सभेला जाणं सोडलं असतं. दादा जात राहिला, फक्त मागे बसायला लागला. मी सणाला माहेरी गेले की वहिनी पाय धुवायला पाणी ठेवायची, पण हातात देत नसे, उंबऱ्याशी ठेवून आत जायची. दादा मात्र नेहमीसारखा. मुलांची चौकशी करायचा, निघताना मोहाची, चारोळीची पुरचुंडी द्यायचा. बोडीचं नाव नाही.

सहाव्या वर्षी माझ्याने राहवेना. तसं कारण काही घडलं नव्हतं. एका गावाला शिकवत होते आणि तिथल्या एका म्हातारीने विचारलं, बाई, तुमच्या हद्दीवर भांडण झालं नाही का? मी म्हटलं, नाही झालं. त्या दिवशी घरी न जाता मी सरळ कोसमटोल्याला गेले.

दादा आवारात बसून ढोली विणत होता. धान साठवायची बांबूची मोठी कणगी, ती ढोली. वहिनी रानात गेली होती. मी समोर बसले आणि सांगितलं की तो दगड आजाचा नव्हता.

त्याचे हात थांबले नाहीत. एक कांब घातली, दाबली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तू वळली तवापासून."

मी विचारलं, मग सही का केली. त्याने आणखी एक कांब उचलली, वाकवून पाहिली. मला वाटलं, टाळतो आहे. पण तो शब्द शोधत होता.

"तवा तुले खोटी म्हटलं असतं तं बोडी आमाले भेटली असती," तो म्हणाला. "मंग? दोन गावं पयल्यांदा सोता बसून ठरवत होती. त्याच दिवशी मोडलं असतं. वरून मोजनीवाले आले असते. आनि मंग दर येळी त्यायलेच बलवा लागलं असतं. हद्दीले त्यायले, झाडाले त्यायले, पान्याले त्यायले. आजवर तसंच तं चाललं होतं."

"पण मी खोटं बोलले होते."

"हो. ते वाईट केलं तू."

त्याने ते इतक्या साधेपणाने म्हटलं की मला रडूही आलं नाही. मी म्हटलं, मी दोन्ही सभांत सांगते. तुझं नाव गेलं आहे ते परत येईल.

"नोको. लोक म्हनतील, खुर्ची गेली म्हनून भावानं बहिनीकडून बोलवून घेतलं. मंग तुहं बी कोनी आयकनार नाही आनि माहं बी नाही." ढोलीचा काठ वळवत तो पुढे म्हणाला, "मी हाओ तवर नोको. मंग तुले वाटल ते कर."

मग त्याने विचारलं, जेवून जाशील का. मी जेवले.

दादा मागच्या माघात गेला. फार आजारी नव्हता. दिवसकार्य झाल्यावर मी पंधरा दिवस घरात काढले. मग बेलझरीच्या सभेत उभी राहिले आणि सगळं सांगितलं. येनाचं झाड, फुटलेली वाट, चपटा दगड. चैनू मधूनच उठून बाहेर गेला. एका तरुणाने विचारलं की आता सांगून काय मिळालं. मी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि सभेने तो घेतला. कोणी राहा म्हटलं नाही, ते बरोबरच होतं. बोडीचं काय करायचं यावर खूप बोलणं झालं. शेवटी ठरलं की चैतात कोसमटोल्याला बोलवायचं आणि दोन्ही गावांनी बसून ठरवायचं. तोवर मी कोसमटोल्याला जाऊन स्वतः सांगायचं. सोबत कोणी येणार नाही.

कोसमटोल्याची सभा नव्या समाजमंदिरात होती. दादाची मुलगी हेमलता आता सभेची सचिव आहे. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं. त्या सभेत मला बोलायचा हक्क नाही, म्हणून तिने आधी सभेची परवानगी घेतली, मग मला बोलू दिलं. मी बेलझरीत सांगितलं तेच सांगितलं. एक गोष्ट जास्त सांगितली. दादाला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून त्याने सही का केली ते. त्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवत होते, ते मी तसेच सांगितले.

वहिनी बायकांत बसली होती. तिने पदर तोंडाला लावला.

मग विचारणं सुरू झालं. एकाने विचारलं, तो खरा दगड अजून आहे का. मी म्हटलं, आहे, झाड पडलं पण दगड आहे. दुसऱ्याने विचारलं की हद्द आता मागे सरकणार का. हेमलता म्हणाली की तो विषय चैतातल्या बैठकीचा आहे, आज फक्त ऐकून घ्यायचं आहे. तिच्या आवाजात राग नव्हता, हळहळही नव्हती. दादा असाच बोलायचा. तिने सभेला विचारलं, हे वहीत घ्यायचं का? त्यावर दोन बाजू पडल्या. काहींचं म्हणणं, मेलेल्या माणसाचं आता कशाला. काहींचं म्हणणं, ज्या वहीत त्याला काढल्याचं लिहिलं त्याच वहीत हे आलं पाहिजे. हात वर केले गेले. लिहायचं ठरलं.

हेमलताने लिहिलं आणि वाचून दाखवलं. "हद्दीचा दगड खोटा आहे हे ठाऊक असूनही श्री. सोनसाय पोरेटी यांनी सही करून बोडी बेलझरीला दिली."

फगनू भिंतीला टेकून बसला होता. आता तो फार थकला आहे, कानांनीही कमी ऐकतो. त्याने कानाला हात लावून पुन्हा वाचायला सांगितलं. हेमलताने मोठ्याने वाचलं.

"दिली नोको लिहू," फगनू म्हणाला. "दिली म्हनून तं आमी त्याले काढला."

"मंग काय लिहू, आजा?"

फगनू भिंतीचा टेका सोडून पुढे सरकला. कोणी त्याला घाई केली नाही.

"दोन गावाइत भांडन होऊ देल्लं नाही. तसं लिही."

हेमलताने ‘बोडी बेलझरीला दिली’ यावर एक रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात फगनूने सांगितलं तसं लिहिलं. वही फिरली. मी सांगणारी म्हणून माझी सही घेतली. फगनूने अंगठा दिला. शाई पुसायला त्याला कोणीतरी पान दिलं, पण त्याने अंगठा धोतरालाच पुसला.

मग सभेने पुढचा विषय घेतला. शाळेच्या वाटेवर नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बांधायचा होता, तो वरच्या अंगाला घालायचा की खालच्या, यावर मतं वेगळी होती. मला तिथे मत द्यायचा हक्क नव्हता. पण उठ असंही कोणी म्हटलं नाही, म्हणून मी बसून राहिले.